सुतकात नाच चालत नाही

निधनाच्या आणि गंधमुक्तीच्या जाहिराती आमच्या दैनिकात दुपारनंतर येऊ लागतात. गंधमुक्ती म्हणजे सुतक फिटण्याचा दिवस. भाऊबंद जमतात, कपाळाला पुन्हा गंध लागतं, घरात पुन्हा कढई चढते. जळगावच्या त्या कार्यालयात मी उपसंपादक आहे आणि या जाहिराती वाचून पानावर सोडणं हे माझ्या कामांपैकी एक. नाव, वय, गाव, मुलं, सुना, वेळ, ठिकाण. बातमीतली चूक वाचक विसरतात. गंधमुक्तीतली विसरत नाहीत.

त्या दिवशी भडगावला स्थायिक झालेल्या एका निवृत्त शिक्षकांची जाहिरात माझ्यासमोर आली. मूळ गाव असोदा. आडनाव असं, की त्या आडनावाचं निम्मं असोदा असेल. मी वेळ आणि ठिकाण तपासलं आणि पान सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीला पाचपैकी चारच मुली आल्या. पाचवी असोद्याची. फोनवर तिचा मेसेज होता : "ताई, आबांचे चुलतभाऊ वारले. सुतक आहे. गंधमुक्तीपर्यंत नाचता येणार नाही." आबा म्हणजे तिचे आजोबा.

आमचा पहिला कार्यक्रम त्या रविवारी होता. गंधमुक्ती त्यानंतरच्या गुरुवारी, हे मला तोंडपाठ होतं, कारण ते मीच छापलं होतं.

कार्यक्रम पुढे ढकलता येत नव्हता. नाट्यगृह त्यानंतर दुरुस्तीसाठी बंद होणार होतं, आणि पहूरच्या मुलीचं नाशिकचं नर्सिंग कॉलेज सुरू होणार होतं. असोद्याच्या मुलीला वगळून तो करताही येत नव्हता. आम्ही बॅले करत होतो, आणि पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून संपूर्ण नाच पेलू शकणारी ती एकटीच होती. जळगावात बॅलेची कंपनी असावी हे आधीच कोणाला पटलेलं नव्हतं. पहिला कार्यक्रम पडला असता तर दुसरा झाला नसता. उरलेल्या पालकांनी मुली काढून घेतल्या असत्या, आणि त्यांचं काही चुकलं असतं असं मी म्हणणार नाही.

मी मूळची धुळ्याची. वडिलांची बदली मुंबईला झाली तेव्हा मी शाळेत होते. शेजारच्या सभागृहात शनिवारी बॅलेचा वर्ग चाले. मी आधी खिडकीतून पाहिला, मग आत गेले. आवडला म्हणून गेले का, ते आठवत नाही. आत पंखे होते, हे आठवतं.

धुळ्याला आमच्या नात्यात नाच दोन ठिकाणी होता. लग्नात बँडापुढे, पुरुषांचा. आणि कानबाई देवीच्या विसर्जनाला, बायकांचा. तिसऱ्या प्रकारच्या नाचाविषयी घरात कोणी बोलत नसे. त्यामुळे आईने नातेवाइकांसाठी एक उत्तर तयार केलं होतं.

"नाच नही शे तो," आई सांगायची. "कवायत शे. पायना बोटवर उभी राहस."

"कसाले?" मावशी विचारायची.

आई चहा ठेवायला उठायची. मीही तिच्या मागोमाग जायचे.

कॉलेजनंतर मी मुंबईतल्या एका लहान कंपनीत लागले आणि तिथेच राहिले, शरीर चालेल तोवर. मी मागच्या ओळीत होते. मागच्या ओळीचं काम एकच : शेजारणीसारखं दिसणं. हात तिच्या हाताइतकाच वर, मान तिच्या मानेइतकीच कललेली. आपण वेगळ्या दिसलो तर ती चूक. या काळात माझ्याबद्दल वर्तमानपत्रात एकही ओळ आली नाही, आणि कामाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. मग टाचेमागची शीर फाटली. शस्त्रक्रिया झाली, चालता येऊ लागलं, उडी मारता येईना. वडील तोवर गेले होते, आई धुळ्याला परतली होती. मला काम मिळालं ते जळगावला, दैनिकात. वाक्य लहान ठेवा, विशेषणं काढा, मध्ये येऊ नका, असं तिथे शिकवलं गेलं. मागच्या ओळीत राहिलेल्या बाईला ते अवघड गेलं नाही.

मग मी कंपनी का काढली, हे मला नेमकं सांगता येत नाही. मुलाखतीत कोणी असं उत्तर दिलं असतं तर मी ते छापलं नसतं. घटनाक्रम एवढाच सांगता येतो : एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी करायला गेले होते. तिथे असोद्याची एक मुलगी समूहनृत्यात मागच्या ओळीत नाचत होती आणि तिचा पाय शेजारणीपेक्षा वेगळा पडत होता. सगळ्यांना ती चुकतेय असं दिसत होतं. मला दिसलं की तिचा पाय मांडीच्या सांध्यापासून बाहेर वळतो. हे शिकवून यायला वर्षं लागतात. तिला ते आपोआप येत होतं आणि त्याबद्दल शिक्षक तिला ओरडत होते.

बंद पडलेल्या एका डाळमिलची शेड सकाळच्या वेळी मिळाली. फरशीवर जुन्या टायरचे तुकडे आणि त्यावर फळ्या ठोकल्या, म्हणजे उडीनंतर गुडघ्याला हिसका बसत नाही. बोटांवर उभं राहायचे बूट घसरू नयेत म्हणून त्यांच्या टोकाला राळ लावावी लागते. ती मुंबईत पुड्यांतून मिळायची. इथे सराफ बाजारातून आणली. सोन्यावर ठोक्याचं काम करणारे कारागीर खाली राळ वापरतात. दुकानदाराने विचारलं, "ताई, कारखाना टाकला का?" मी हो म्हटलं.

असोद्याची मुलगी रोज आजोबांच्या मोटारसायकलवर यायची. आबा तिला दारात सोडत आणि समोरच्या टपरीवर चहा घेत बसत. वर्ग संपला की घेऊन जात. आत कधी आले नाहीत, कधी काही विचारलं नाही. एकदाच त्यांनी फाटकावरचा फलक वाचला होता.

"कंपनी?" ते म्हणाले. "मंग एमआयडीसीत काहून नही? चटईची आहे का?"

"नाही आबा. पायाची."

त्यांनी मान हलवली, जणू पायाच्या कंपन्याही असतात.

तर, त्या सकाळी चार मुली आणि मी. मग शहरातच राहणारी एक मुलगी, तिचे वडील सरकारी दवाखान्यात तंत्रज्ञ, पुढे आली.

"ताई, आम्ही बौद्ध. आमच्याकडे सुतक पाळत नाहीत. तिच्या जागी मी करू का?"

"टोकावर किती वेळ उभी राहतेस?"

ती उभी राहिली. लगेच खाली आली.

"सुतकाचा प्रश्न सुटला," पहूरची म्हणाली, "आता पायाचा राहिला." सगळ्या हसल्या. टोकावरून खाली आलेलीही हसली.

संध्याकाळी कार्यालयातून लवकर निघाले आणि एसटीने असोद्याला गेले, दारावर. दुःखाच्या घरी भेटायला जाण्याला आमच्याकडे तसंच म्हणतात. ओट्यावर सतरंजी टाकली होती. आबा बसले होते, त्यांच्या शेजारी त्यांच्याच वयाचे एक भाऊबंद, ज्यांना सगळे नाना म्हणत. घरात टीव्हीवर चादर टाकलेली. मुलगी आत चुलीपाशी होती, केस कोरडे, कपाळ मोकळं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या आणला. तिच्या डोळ्यांत काय होतं, ते मला वाचता आलं नाही.

मी जे बोलायचं असतं ते बोलले. कधी झालं, काय झालं होतं, शेवटी कोण जवळ होतं. आबांनी सगळं सांगितलं. मी रिकामा तांब्या खाली ठेवला. नानाच म्हणाले, "मास्तरीनबाई दारावर आल्या, पन त्याहिच्या मनात रविवार आहे."

"आहे," मी म्हटलं.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मले एक सांगा. सुतकात नाच चालत नही. हे तुम्हालेबी मालूम आहे. पन पोरगी जे करते, ते नाच आहे का नही? मी तं कधी पाह्यलं नही. तुम्ही सांगान ते खरं."

हा प्रश्न इतक्या सरळ मला कोणी विचारला नव्हता. 'नाच नाही' म्हटलं असतं तर मुलगी रविवारी आली असती. 'नाच आहे' म्हटलं असतं तर विषय संपला असता. दोन्ही उत्तरं जिभेवर होती आणि दोन्ही मला दुसऱ्या कोणाची वाटत होती. एक आईचं, दुसरं मुंबईच्या कार्यक्रमपत्रिकेतलं.

"मला माहीत नाही, आबा," मी म्हटलं.

नानांनी तंबाखू मळणारा हात थांबवला. "इतके वर्सं करू राह्यल्या अन् मालूम नही?"

"नाही."

"घ्या. वैद्यालेच रोग मालूम नही."

आबा हसले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले. मी टाळतेय की खरं बोलतेय, हे ते ठरवत असावेत. "त्यात गोष्ट काय असते?" त्यांनी विचारलं.

"गोष्ट नाही."

"देवाचं?"

"नाही."

"मंग लोकं काय पाहतीन?"

आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. मुलगी ऐकत होती.

"उद्या देखाले येतो," आबा म्हणाले. "तिले घिऊन. पन वाजवू नका काही."

दुसऱ्या सकाळी मोटारसायकलवर तिघं आले. आबा आणि नाना पहिल्यांदाच शेडच्या आत आले, चपला बाहेर काढून. फळ्या पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे. मी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीशी ठेवल्या. स्पीकरची पिन काढून ठेवली.

मुलीने बूट बांधले, राळेच्या डब्यात टोकं घासली आणि मधोमध उभी राहिली. ती एकटीच करते तो भाग संथ आहे. एका पायाच्या टोकावर उभं राहून दुसरा पाय मागे उचलायचा, आणि तो उचललेला असतानाच संपूर्ण शरीर हळूहळू फिरवायचं. संगीत असलं की लोकांना ते तरंगल्यासारखं दिसतं. संगीत नसलं की फळीवर बुटाची टोकं घासल्याचा आवाज येतो, नाकातून श्वास ऐकू येतो, आणि ते मुळीच तरंगल्यासारखं दिसत नाही.

"हिचा पाय दुखत नही का?" नाना कुजबुजले. त्यांची कुजबुज शेडभर ऐकू गेली.

मुलगी अर्ध्यावर खाली आली. मी "पुन्हा" म्हटलं. ती पुन्हा सुरुवातीपासून करू लागली.

"पुन्हा काहून?" आबांनी विचारलं.

"चुकलं म्हणून."

"काय चुकलं?"

"गुडघा. ज्या पायावर उभी होती, तो वाकला."

"मले तं दिसलं नही."

"थोडाच वाकला."

ती पुन्हा चुकली. मी पुन्हा थांबवलं. या वेळी खांदा. नानांना जांभई आली. आबा मात्र पुढे झुकून बसले आणि तिचा गुडघा पाहू लागले, केळीच्या घडाला डाग आहे का ते पाहतात तसे. पुढच्या वेळी गुडघा वाकला तेव्हा मी बोलायच्या आधी त्यांनीच हात वर केला.

"हा. आता वाकला."

"वाकला," मी म्हटलं.

ते उठले. "चाला नाना. झालं." दारापाशी जाऊन वळले. "मास्तरीनबाई, हा नाच नही. नाचात कोनी चूक काढते का? लग्नात मानूस कसाबी नाचो, तो नाचच असतो. अठी तं गुडघा मोजू राह्यले. हे काम आहे. कामाले सुतक नसते. आपुन केळीले पानी देनं बंद केलं का?"

"नही केलं," नाना म्हणाले.

"मंग." आबांनी अटी सांगितल्या. ती असताना वाजवायचं नाही. नवे कपडे नाहीत. तोंडाला पावडर नाही, केसांत फूल नाही. शेवटी कोणी स्टेजवर चढून ओवाळायचं नाही. एवढं पाळलं तर रविवारी ती येईल.

मी आभार मानले. कंपनी वाचली होती. मुली एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मी बाहेर येऊन नळाखाली हात धुतले आणि तिथेच उभी राहिले. आबांनी जे म्हटलं ते आईच्या 'कवायत शे' पेक्षा फार वेगळं नव्हतं. आई लाजून म्हणायची, आबा मान देऊन म्हणाले, एवढाच फरक. ज्यासाठी माझी शीर फाटली ते नाच नव्हतं, असं एका भल्या माणसाने बारकाईने पाहून ठरवलं होतं, आणि मला ते हवंच होतं. याचा आनंद मानायचा की नाही, ते दिवसभर ठरेना. संध्याकाळी पान लावताना एका मृताच्या नातवंडांत मी एक नातू दोनदा घातला. मुख्य उपसंपादकांनी तो काढला. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो.

रविवारी नाट्यगृह अर्धंअधिक भरलं. मुलींचे नातेवाईक, शाळांतल्या मुली, कार्यालयातले चारदोन जण. आई धुळ्याहून बसने आली आणि पुढून तिसऱ्या रांगेत बसली. बसच्या वेळेचं फोनवर बोलताना मी तिला सुतकाचं सांगितलं होतं, एका वाक्यात.

पहिला भाग पाचही मुलींचा ठरला होता. तो चौघींनी केला, संगीतावर, रंगीत कपड्यांत. टाळ्या पडल्या. मग चौघी बाजूला गेल्या, संगीत थांबलं आणि असोद्याची मुलगी आली, तालमीच्या धुतलेल्या विटक्या कपड्यांत, केस कोरडे, चेहरा तसाच. तिने सुरुवात केली.

आवाज नाही.

ध्वनियंत्रणावाला विंगेत धावत आला. मी त्याला सकाळीच सांगितलं होतं, तरीही. "मॅडम, माझं सगळं चालू आहे! माझ्याकडून काही नाही!"

"मला माहीत आहे."

"मग लोक मला शिव्या घालतील ना!"

घालू लागलेच होते. गॅलरीतून कोणी ओरडलं, "आवाज द्या रे!" दुसरा म्हणाला, "लाईट गेली वाटतं." तिसरा म्हणाला, "लाईट गेली असती तर ती दिसली असती का, येड्या?" हशा झाला. मुलगी एका पायाच्या टोकावर होती. तिच्या मानेची शीर मला विंगेतून दिसत होती. मी पडदा पाडायला सांगायच्या बेतात होते.

तेवढ्यात हशा थांबला. आधी पुढच्या रांगांत, मग मागे मागे. कोणी गप्प केल्यासारखा नाही. जणू कोणी आत आलं होतं. गॅलरीसुद्धा शांत झाली. त्यानंतर शेवटपर्यंत बुटाच्या टोकांचा आवाज तेवढा राहिला. मुलीने सगळं केलं. गुडघा एकदा वाकला.

ती थांबली. लवून उभी राहिली. टाळी वाजली नाही.

एकही नाही. मी वाट पाहिली. मुलीने माझ्याकडे पाहिलं, काय करू, अशा नजरेने. मी पडदा पाडायची खूण केली. मला वाटलं, संपलं. मुंबईत वाईट कार्यक्रमानंतरही काही हात वाजतात, सौजन्य म्हणून. इथे तेवढंही नाही. पाच मुलींना काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवू लागले आणि एकही पूर्ण होईना.

मग बाजूच्या दारातून बायका येऊ लागल्या. ओळखीच्या नव्हत्या. त्या मुलीकडे गेल्या. कोणी अभिनंदन केलं नाही, कोणी हसलं नाही. एकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कधी झालं?" तिने विचारलं.

"मागच्या मंगळवारी," मुलगी म्हणाली.

"आबाचे कोन लागत?"

"चुलतभाऊ."

"देवाची मर्जी, माय."

ती पुढे सरली, दुसरी आली. मुलगी बूट न सोडता, टाचा जोडून उभी होती आणि प्रत्येकीला उत्तर देत होती, घरी ओट्यावर द्यावं तसं. विंगेत रांग लागली होती. बाकीच्या मुली माझ्याकडे पाहत होत्या.

सगळ्यांत शेवटी आई आली.

"माले काही समजनं नही," ती म्हणाली. "पन मी उठनू नही."

नंतर मी शोध घेतला, सवयीप्रमाणे. मुलीला सुतक आहे हे नाट्यगृहात पहिल्यांदा कोणी सांगितलं? आई म्हणाली, तिने फक्त शेजारच्या बाईला सांगितलं. पहूरच्या मुलीची मावशी म्हणाली, तिने सांगितलं. ध्वनियंत्रणावाला म्हणाला, शिव्या थांबाव्यात म्हणून त्यानेच गॅलरीत जाऊन सांगितलं. तिघांच्याही वेळा जुळत नाहीत. टाळ्या का वाजल्या नाहीत याचं उत्तर मात्र सगळ्यांनी एकच दिलं : सुतकातल्या पोरीपुढे टाळ्या कशा वाजवायच्या?

सोमवारी भाऊंनी बातमी मागितली. "टाळ्या पडल्या?"

"नाही."

"मग कार्यक्रम पडला."

"नाही."

"लोक मध्येच उठले?"

"कोणी उठलं नाही."

भाऊंनी चष्मा काढला. "अहो, मग झालं काय? 'रसिक मंत्रमुग्ध' टाकू का?"

मी नको म्हटलं. शेवटी तीन ओळी गेल्या : कुठे झाला, कोणी सादर केला, किती वाजता संपला.

गंधमुक्ती भडगावला झाली. त्यानंतरच्या रविवारी आबांचा निरोप आला, जेवायला या. अंगणात वरण-बट्टीचा बेत होता, कढईत बट्ट्या तळल्या जात होत्या, टीव्हीवरची चादर काढलेली. आबांच्या कपाळाला गंध होतं. मुलीच्या केसांना तेल होतं, आणि ती त्यामुळे लहान दिसत होती. नाना आधीच पाटावर बसले होते.

जेवणं झाल्यावर आबा म्हणाले, "पोरी, आता करून दाखव. वाजवून."

अंगणात सिमेंट होतं, तिथे बूट घालू नये. तिने अनवाणीच केलं, चवड्यांवर. माझ्या फोनवर संगीत लावलं, फोन रिकाम्या पातेल्यात ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो. शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. तोच संथ भाग, तोच उचललेला पाय, तेच फिरणं. फक्त मुलगी हसत होती. मी शिकवलं नव्हतं. नानांनी मांडीवर ताल धरला, जो त्या संगीतात नव्हता. संपलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, एकीने शिट्टीसुद्धा.

आबा वाजवत नव्हते. त्यांच्या कपाळाला आठी होती.

"हे तं तेच आहे," ते म्हणाले.

"तेच आहे," मी म्हटलं.

"डाळमिलीत पाह्यलं ते. रविवारी केलं ते."

"हो."

नानांना आधी कळलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हंजे सुतकात नाच झाला! तुह्याच घरचा! अन् हुकूम कोनाचा? तुह्याच!"

"गप रे." आबा माझ्याकडे वळले. "तव्हा तो नाच व्हता का?"

"तेव्हाही मला माहीत नव्हतं, आबा."

"अन् आता?"

मुलगी चवड्यांवरून खाली आली होती. हसू गेलं होतं. तिला माझ्या आधी समजलं : ते काम होतं म्हणून आबांनी तिला सोडलं होतं. नाच असेल तर उद्यापासून काय, हे अजून कोणी ठरवलं नव्हतं. मी काहीही म्हटलं असतं तरी ते तिच्यावर पडणार होतं.

"आता ती हसत होती," मी म्हटलं. "बाकी मला फरक सांगता येत नाही."

आबांची आठी तशीच होती. "आज चूक झाली का तिची?"

"झाली."

"गुडघा?"

"गुडघाच."

"मलेबी वाटलं," ते म्हणाले. नाना बोलायला गेले, तसा आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग ते उठले आणि हात धुवायला गेले. परत आले तेव्हा दुसऱ्याच विषयावर बोलले, यंदा केळीचे कंद कोणाकडून घ्यायचे त्यावर. मी निघाले तेव्हा मुलगी फाटकापर्यंत आली. काही विचारलं नाही. मी सकाळी सातची वेळ सांगितली, रोजचीच.

सोमवारी सकाळी शेडमध्ये तीन मुली होत्या. पहूरची नाशिकला गेली होती. सात वाजून गेले. मी फळ्या पुसून घेतल्या, मग पुन्हा पुसल्या.

मोटारसायकल आली. मुलगी उतरली आणि धावतच आत आली. आबांनी गाडी स्टँडवर लावली. टपरीवाल्याने ग्लास विसळायला घेतला होता. आबा तिकडे गेले नाहीत. दाराशी चपला काढून आत आले, भिंतीशी ठेवलेली खुर्ची ओढली, बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

मुली भिंतीलगतचा दांडा धरून उभ्या राहिल्या. माझ्या हातात स्पीकरची पिन होती.

"आबा, वाजवू का?" मी विचारलं.

"मले काय इचारता?" ते म्हणाले. "कंपनी तुमची."

मी पिन लावली. ते पुढे झुकले आणि नातीच्या गुडघ्याकडे पाहू लागले.